निवृत्तीनंतर कपडे आणि चपला: काय घ्यावं, काय लांबणीवर टाकावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे अखेरीस बँकेतून निवृत्त होताय. कपाटात दीडशेच्या आसपास साड्या आहेत, पंजाबी ड्रेस पाच-सहाच, आणि चपलांचे दोन जोड, एक ऑफिसचा, एक लग्नाकार्याचा. उजवा गुडघा कुरकुरतो, साखर काठावर आहे. बहीण म्हणते साड्या वाटून टाक, मैत्रिणी म्हणतात आता तर खरी हौस कर, आणि मुलगी जानेवारीत जर्मनीला बोलावतेय. तर निवृत्तीनंतर बायकांची खरेदी नेमकी कशी बदलते आणि तुम्ही पैसे कशावर घालावेत?

माझं ठाण्यात साड्या, ड्रेस मटेरियल आणि शिलाईचं दुकान आहे. शेजारचं चपलांचं दुकान धाकट्या दिरांचं. मधली भिंत अर्धी पाडलेली आहे, त्यामुळे बाई ब्लाउजचं माप द्यायला आली की तिच्या पायात काय आहे तेही आम्हाला दिसतं. त्या जोरावर आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. पहिलं वर्षभर साड्या घेऊ नका आणि देऊनही टाकू नका. पैसे घालायचे ते पायात घालायच्या वस्तूंवर, आतल्या कपड्यांवर आणि चार नीट मापाने शिवलेल्या कुर्त्यांवर.

आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, पण त्याच गर्दीत निवृत्तीची खरेदीही असते. तुमच्या-माझ्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी सर्रास १ जून ही जन्मतारीख लावून टाकली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे या दिवशी कचेऱ्याच्या कचेऱ्या रिकाम्या होतात. राज्य सरकारातल्या आणि शाळांतल्या बायका ५८ व्या वर्षी, बँका आणि केंद्र सरकारातल्या ६० व्या. दोघींची खरेदी मात्र सारखीच चुकते. निरोप समारंभाला एक भारी साडी, हे ठीक. पण त्याच झपाट्यात 'आता वेळ मिळेल नेसायला' म्हणून आणखी चार-पाच उचलल्या जातात, आणि त्या नेमक्या ऑफिसला शोभतील अशा असतात. काठापदराच्या कॉटन, मंगलगिरी, नारायणपेठ. नेसून जायची जागाच पुढच्या सोमवारपासून बंद होणार असते, आणि हात मात्र तीस वर्षांच्या सवयीने तिकडेच जातो.

नोकरीतल्या साडीचा हिशेब वेगळा असतो, हे बायका स्वतःशी कधी बोलून दाखवत नाहीत. पंधरा दिवसांत तीच साडी पुन्हा नेसली तर शेजारच्या टेबलावरची लक्षात ठेवते. संक्रांतीला काळी हवी, नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग हवेत, लोकलच्या डब्यातला ग्रुप फोटो हवा. तुमच्या दीडशे साड्यांतल्या निम्म्या तरी अशा कुणाच्या ना कुणाच्या नजरेसाठी आल्या असतील. त्यात काही वाईट नाही, तो नोकरीचाच एक भाग होता. पण ती नजर गेली की साडी घेण्याची निम्मी निकड जाते. नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात करडा किंवा मोरपिशी रंग शोधत येणाऱ्या नेहमीच्या बाया निवृत्तीच्या पहिल्या वर्षी येतात, दुसऱ्या वर्षी फिरकत नाहीत. रंगांची हौस फिटली म्हणून थांबतात असं मला वाटत नाही. फोटोला सोबत कुणी नसतं.

मग येतो तो काळ, ज्यात बाई काहीच घेत नाही. सहा महिने, कधी वर्ष. घरात गाऊन, खाली भाजी आणायला गाऊनवर ओढणी, आणि कुठे जायचं तर ऑफिसचाच एखादा ड्रेस. पेन्शनचा आकडा हातात येईपर्यंत धाकधूक असते हे एक कारण. दुसरं, आता काय घालायचं हेच ठरत नाही. या काळात मुलं आईला दुकानात घेऊन येतात. लेक पुढे होऊन कुर्ते काढते, 'आई, हा घे, हा तुला छान दिसेल', आई मान डोलावते, बिल होतं. दोन-तीन दिवसांनी दुपारच्या वेळी आई एकटी येते आणि विचारते, बदलून मिळेल का? बहुतेक वेळा लेकीने घेतलेला रंग फिका असतो. आणि आई नेते तो लाल, जांभळा, पोपटी.

रंगावरून आमच्याच धंद्यावर माझा राग आहे. साठीच्या बाईने काउंटरवर पाऊल ठेवलं की विक्रेते सवयीने बिस्किटी, राखाडी, फिकट गुलाबी असे गठ्ठे समोर टाकतात. 'आजींना सोबर दाखव' हे मी माझ्या दुकानात बंद केलंय. केस पांढरे झाले, चेहऱ्याचा तजेला थोडा उतरला की फिका रंग त्याला आणखी उतरवतो. अशा वेळी गडद मोरपंखी, राणी, मोहरी, वांगी असे रंग चेहरा उचलतात. नवरा गेलेल्या बायका तर विचारायलाही कचरतात. त्यांच्यासमोर मी न सांगता रंगीत गठ्ठा टाकते. कुणी बाजूला सारला तर सारला.

वर्दीतल्या बायकांचं सगळं उलटं. पोलिसातून, एसटीच्या वाहकपदावरून, रुग्णालयातून निवृत्त झालेली बाई पहिल्याच महिन्यात येते आणि मनसोक्त घेते. तीस वर्षं खाकी नाहीतर पांढऱ्यात काढलेली असतात, घरी आल्यावर नेसायला अंगात त्राण नसायचं. त्यांना मी थांबा म्हणत नाही. त्यांची हौस मागच्या बाकीची आहे. तुमचं तसं नाही, तुम्ही रोज नेसत होतात.

आता साडीकडून कुर्त्याकडे जाण्याबद्दल. लोक म्हणतात वय झालं, गुडघे दुखतात, साडी आवरत नाही म्हणून बायका ड्रेसवर येतात. थोडं खरं आहे, जिन्यावर पायात येणाऱ्या निऱ्या हे पडायचं खरंखुरं कारण आहे. पण मला दिसतं ते असं की साडी सुटते ती ब्लाउजमुळे. नोकरी असेपर्यंत दर वर्षी चार-दोन ब्लाउज नवे शिवले जातात. ते थांबलं की दोन वर्षांत एकही जुना ब्लाउज अंगाला येत नाही, दंडात तर नाहीच. मग सासरच्या कार्याला साडी काढली की ब्लाउज नाही, आणि ऐन वेळी ड्रेस. असं तीन-चारदा झालं की बाई म्हणते, माझं साडीचं सुटलं.

त्यावर उपाय साडीपेक्षा फार स्वस्त आहे. बाजूच्या शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडलेला असेल तर जुना ब्लाउज दोन इंचांपर्यंत उसवून मोठा करता येतो. मुंढा तसा वाढत नाही. तिथे काखेत त्याच रंगाची छोटी कळी लावावी लागते, चांगला टेलर ती दिसू देत नाही. हा खटाटोप फक्त आवडत्या दहा-बारा साड्यांसाठी करा. बाकीच्यांसाठी पाच ब्लाउज पुरतात: काळा, मरून, मोहरी, खादीचा मोतिया आणि एक कलमकारी किंवा इकत. शंभर साड्यांतल्या ऐंशी यांतल्या कशावर तरी जातात. ताणणाऱ्या होजिअरी कापडाचे तयार ब्लाउज मिळतात, तेही वाईट नाहीत, पण उन्हाळ्यात चिकटतात.

हूक पुढूनच ठेवा. पन्नाशी-साठीत खांदा आखडण्याचा त्रास बायकांना बराच होतो, साखर असेल तर जास्तच, आणि मागचे हूक लावायला हात पाठीशी जात नाही. मी बायकांना ते घरी करून बघायला सांगते: दोन्ही हात मागे नेऊन कमरेच्या वर बोटं जुळतात का? जुळत नसतील तर ब्लाउज काय, आतले कपडेही पुढून उघडणारेच घ्या. आतल्या कपड्यांवर आपल्या बायका सगळ्यात कमी पैसे घालतात. चाळिशीत घेतलेलं माप साठीत सांगतात, त्यामुळे पट्टे खांद्यात रुततात आणि पाठीवर वळ्या येतात, आणि दोष कुर्त्याला. एकदा दुकानात बाईकडून माप घेऊन घ्या. रुंद पट्टा, सुती कापड, तार नको.

परकराचा नाडा हाही लहान विषय नाही. रोज त्याच जागी करकचून बांधलेल्या नाड्याने कातडी काळी पडते, खाज येते, हे आपण 'साडीचा वण' म्हणून सोडून देतो. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा घासण्यातून झालेल्या जखमा कर्करोगापर्यंत गेलेल्या दोन वयस्क बायकांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली होती. घाबरू नका, असं क्वचित होतं. पण नाडीऐवजी दोन बोटं रुंद पट्टी लावून घ्या, गाठ रोज थोडी वरखाली बांधा, आणि तिथली जखम भरत नसेल तर पावडर लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

कुर्ते तयार घ्यायचे की शिवून? तरुण अंगाला तयार चालतात. साठीनंतर पाठीला थोडा बाक येतो, उंची कमी होते, पोट पुढे येतं, आणि तयार कुर्ता हे काहीच धरत नाही. लक्षण असं की कुर्ता मागून वर उचलला जातो, पुढून लोंबतो, आणि गळा सारखा मागे सरकतो म्हणून बाई दर पाच मिनिटांनी पुढून खाली ओढत राहते. शिवताना मागचा भाग पुढच्यापेक्षा अर्धा ते एक इंच लांब ठेवला आणि मागचा गळा उथळ ठेवला की हे थांबतं. टेलरला एवढं सांगितलं तरी पुरतं, 'पाठीला वाक आहे, मागे लांबी द्या'. तयार घ्यायचाच असेल तर एक्सएल, डबल एक्सएल या अक्षरांवर जाऊ नका, कंपनीकंपनीत फरक असतो. छातीचं माप इंचात विचारा आणि स्वतःच्या मापावर तीन-चार इंच सैल घ्या.

कुर्त्याला दोन्ही बाजूंना खिसे हवेतच. नोकरीत पर्स होती, टेबलाला ड्रॉवर होता. आता खाली फेरी मारायला जाताना घराची किल्ली, फोन आणि रुमाल हातात घेऊन फिरणाऱ्या बाया मी रोज बघते, आणि पडताना सावरायला त्यांचा हात मोकळा नसतो. खाली चुणीदार आणि घट्ट लेगिंग सोडा, गुडघ्याला त्रास असेल तर ते चढवताना एका पायावर उभं राहावं लागतं. सरळ सुती पँट, नेफ्यात पुढे सपाट पट्टी आणि मागे इलॅस्टिक. नाडी नको. घाईच्या वेळी नाडीची गाठ सुटत नाही हे कुणी उघड बोलत नाही, पण प्रवासातली अर्धी अडचण तीच असते.

आता दीडशे साड्यांचं. वर्षभर थांबा म्हणाले, त्याचा अर्थ कपाट बंद ठेवा असा नाही. नेसलेली साडी परत ठेवताना उजव्या कप्प्यात ठेवायची. पुढच्या मे महिन्यात डाव्या कप्प्यात काय उरलं ते बघा, कुणाला विचारावं लागणार नाही. रेशमी साड्या मधेच एकदा उलगडून घडी बदलायची, मलमलच्या कापडात ठेवायच्या, डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत. घडीवरच्या रेशमाला दोन्ही हातांनी हलका ताण देऊन बघा. चर्र वाजलं किंवा विरलं तर त्या साडीचा ड्रेस शिवायला टाकू नका, शिलाई वाया जाईल. तिचा पदर आणि काठ वेगळे काढता येतात. धड असलेल्या सुती साडीचे, सहावारी साडेपाच मीटर भरते, सहज दोन कुर्ते होतात. अगदी मऊ झालेल्यांची गोधडी. जुन्या खऱ्या जरीच्या साड्या जरीसाठी विकत घेणारे असतात, पण त्यांना देण्याआधी दोन ठिकाणी भाव विचारा. सगळ्यात वाईट हाल सिंथेटिक साड्यांचे. त्या फाटत नाहीत, विटत नाहीत आणि कुणी घेतही नाही. पूर्वी बोहारीण पातेलं तरी द्यायची, आता तीही नाक मुरडते.

आणि निरोप समारंभाच्या आधीच सहकारी मैत्रिणींना स्पष्ट सांगा की साडी नको. त्यांना जमवलेल्या पैशांतून काही द्यायचंच असेल तर चालायचे बूट द्या म्हणा. हसतील, पण देतील.

बुटांकडेच येते, कारण निवृत्तीनंतरची खरी खरेदी तिथे आहे आणि बायका ती सगळ्यात शेवटी करतात. साडीला चार हजार निमूट देणारी बाई शेजारी दिरांच्या दुकानात चपलेचे बाराशे ऐकून 'एवढे?' म्हणते. साडी दिसते, चपल निऱ्यांखाली जाते, त्यामुळे असं होतं.

पहिली गोष्ट नंबराची. 'माझा नंबर पाचच' हे बायका वयासारखं ठामपणे सांगतात. पण वयानुसार पायाची कमान थोडी बसते, पाय लांब आणि विशेषतः रुंद होतो. उघड्या चपलेत हे कळतच नाही, टाच मागून अर्धा इंच बाहेर लोंबत असते आणि बोटं पुढे. बंद बूट घालायची वेळ आली की 'चावतो' म्हणून तक्रार, आणि निष्कर्ष काय, तर मला बूट सोसत नाहीत. प्रत्यक्षात एक नंबर मोठा आणि रुंद पंजाचा हवा असतो. घरी कागदावर उभं राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा, उभं राहूनच, बसून नाही. मोठा येईल त्या पायाचं माप धरा. तो कागद कापून दुकानात न्या आणि बुटाच्या तळाला लावा. कागद बाहेर आला तर बूट लहान. दुकानात संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

दुसरी, बूट हातात घेऊन बघायची. टाचेमागचा भाग चिमटीत दाबा, तो कडक हवा. पुढचा भाग वाकवा: बोटांपाशी वाकावा, मध्ये दुमडू नये. पिळून बघा, फडक्यासारखा पिळला गेला तर तो परत ठेवा. 'डॉक्टर चप्पल' म्हणून जे गादीसारखं मऊ मिळतं ते पहिल्या दिवशी स्वर्गासारखं वाटतं, पण फार मऊ तळव्यावर पाय डुगडुगतो आणि गुडघ्याला त्याचा त्रास होतो. मऊपणा वर, घट्टपणा खाली, असं हवं. नाडीचे बूट वाकून बांधायला जड जात असेल तर वेलक्रोच्या पट्टीचे घ्या. कुर्त्यावर बूट कसे दिसतील ही लाज साधारण आठवडाभर टिकते. साडीवर बूट घालून तळ्याला फेऱ्या मारणाऱ्या बाया आता इतक्या आहेत की कुणी वळून बघत नाही.

साखर काठावर आहे म्हणालात, म्हणून थोडं जास्त सांगते. मधुमेह जुना झाला की काहींच्या पायाची संवेदना कमी होते. खडा रुतलेला कळत नाही, फोड कळत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. म्हणून अंगठ्याची किंवा नुसत्या पट्ट्याची सपाता टाळा, मागे पट्टा असलेली सँडल घ्या. एमसीआर म्हणून जो मऊ रबराचा तळवा मिळतो तो अशा पायांसाठीच असतो, पण तो घेण्याआधी डॉक्टरांकडून पायाची तपासणी करून घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावर नको. बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघायची सवय आत्ताच लावा. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून अक्कलकोट, शेगाव, गोंदवले असे मंडळाचे दौरे वाढलेत. देवळात चप्पल बाहेर, आणि एप्रिलच्या उन्हात फरशी तापलेली. संवेदना कमी असलेल्या पायाला चटका उशिरा कळतो. पिशवीत जाड सुती मोजे ठेवा आणि दर्शनाला पहाटे जा.

घरातलं विसरू नका. निवृत्तीनंतर सर्वांत जास्त तास पायात असते ती घरातली स्लिपर, आणि तीच सगळ्यात झिजलेली. शहाबादी फरशी गेली, गुळगुळीत टाइल आल्या, आणि स्लिपर तीच दोन वर्षांपूर्वीची, तळाची नक्षी पार सपाट झालेली. घरातली वेगळी, मागे पट्ट्याची, खाली खाचा असलेली घ्या, आणि नक्षी पुसली की टाकून द्या. तुटायची वाट बघू नका.

लग्नाकार्याचा जो जोड जपून ठेवलाय म्हणता, तो आजच बाहेर काढून तळ वाकवून बघा. पीयू सोल, म्हणजे हलक्या फोमसारख्या प्लास्टिकचा तळ, असेल तर हवेतल्या दमटपणाने तो आतून सडत जातो, न वापरताही. उलट न वापरलेलाच आधी जातो. दरवर्षी पावसाळ्यानंतरच्या लग्नांत दिरांकडे दोन-चार बाया तरी येतात, हॉलमध्येच सोलचा भुगा झालेला असतो आणि त्यांना वाटतं दुकानदाराने फसवलं. कार्याची चप्पल म्हणून जपून ठेवायची गोष्टच निवृत्तीनंतर बंद करा. एक बरी दिसणारी, पट्ट्याची, इंचभर रुंद टाचेची सँडल घ्या आणि तीच बाहेर सगळीकडे घाला. कोल्हापुरी मला स्वतःला फार आवडते, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण चामड्याचा कडक सपाट तळ टाचदुखीला बरा नाही, ओल्या टाइलवर तो सरकतो आणि पावसात खराब होतो. हौसेला तासाभरासाठी घाला.

ऑनलाइनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण निवृत्तीनंतर दुपारी दोन ते चार ही जी वेळ हाताशी येते ती फोनवर जाते. व्हॉट्सअॅपवर साड्यांचे ग्रुप, फेसबुकवर लाइव्ह विक्री. भिशीतल्या एकीने घेतली की दुसरी घेते. भजनी मंडळात आणि ज्येष्ठ नागरिक संघात एकसारख्या साड्यांची टूम असतेच, तिथे वीस जणींत एकटीने नाही म्हणणं कठीण, तेवढी घ्या. त्यापलीकडे माझा नियम असा: परत करता येत नसेल तर घ्यायचं नाही, आणि बूट तर मापाशिवाय ऑनलाइन घ्यायचेच नाहीत. 'शुद्ध पैठणी ४९९' अशा जाहिरातींना हात लावू नका. त्या भावात नुसतं रेशीमही येत नाही. रेशीम घ्यायचं तर सिल्क मार्कचं लेबल बघा. आणि पैसे परत देतो म्हणून कुणी फोनवर यूपीआयचा पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो.

हे सगळं पेन्शन असलेल्यांचं झालं. खाजगी शाळेत, दवाखान्यात, छोट्या कारखान्यात राबून साठीला घरी बसणाऱ्या बायकांची खरेदी बहुतेक वेळा मुलगा-सून ठरवतात, आणि त्या मागत नाहीत. दिवाळीला सून आईंना साडी घेते तेव्हा मी हळूच म्हणते, यंदा यांना बूट घ्या. साडी त्यांच्याकडे आहे.

जर्मनीचं राहिलं. जानेवारीत तिकडे शून्याच्या आसपास थंडी असते. थर्मलचे दोन जोड इथून घ्या, अंगाला चिकटून बसतील असे, कारण सैल थर्मल ऊब धरत नाही. त्यावर तुमचेच सुती कुर्ते चालतील, वर एक स्वेटर आणि लेकीकडचा जाड कोट. जाड कोट इथे विकत घेऊ नका, बॅग त्यातच भरेल. बर्फावर धरणारे बूटही तिकडेच घ्या, इथल्या गुळगुळीत सोलवर घसराल. तिथे नंबर वेगळे असतात, आपला पाच म्हणजे साधारण ३८. लोकरी मोज्यांसाठी अर्धा नंबर मोठा बघा, आणि तो कागदावरचा पाय बरोबर न्या. इथून घालून जाल ते वेलक्रोचे चालायचे बूट निदान महिनाभर आधी घेऊन रोज वापरा. नवा जोड विमानतळावर पहिल्यांदा घालायचा नाही. लांबच्या प्रवासात पाय सुजतात, तेव्हा पट्टी सैल करता येते, आणि सुरक्षा तपासणीत काढायला सांगितले तर खुर्ची शोधत बसावं लागत नाही.